पार्श्वभूमी: वचनावरचा डोंगर आणि ख्रिस्ती चित्रकार

नागपुरातल्या मराठी ख्रिस्ती घरात, विशेषतः प्रोटेस्टंट घरात, बैठकीच्या भिंतीवर बहुधा वचनांचं कॅलेंडर असतं. वर धबधबा, नाहीतर आपल्याकडे कधीच न दिसणारा बर्फाचा डोंगर, आणि खाली शास्त्रातली एक ओळ. कॅथलिक घरात त्या जागी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यापुढे छोटा लाल दिवा. श्रद्धा आणि सृष्टी हे विषय घेऊन भक्तिचित्रं काढणारा इथला ख्रिस्ती चित्रकार या दोन भिंती पाहतच मोठा होतो. एका भिंतीवर चेहरा नाही, दुसरीवर आहे पण तो परदेशी. असं का झालं, हे पाहायचं तर पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं.

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. त्यांच्या पंथात देवळाच्या भिंती कोऱ्या ठेवायची रीत होती. दहा आज्ञांमधली मूर्ती न करण्याची आज्ञा हे लोक स्वतंत्र, दुसरी म्हणून मोजतात. कॅथलिक परंपरा तिला पहिलीतच धरते. मोजणीतला फरक एवढासाच, पण एकीकडे पुतळे आणि तसबिरी आल्या, दुसरीकडे फक्त अक्षरं. मूर्तिकारांची अख्खी चितार ओळ असलेल्या शहरात हा कोऱ्या भिंतीचा धर्म किती कोरडा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पण हिस्लॉप स्वतः कोरडे नव्हते. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर ते नागपूरच्या आसपासचे दगड फोडत हिंडायचे. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या जुन्या तळ्याच्या गाळात त्यांना बिया, गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, किड्यांचे अवशेष सापडले. दगडातलं बी भिंगाखाली धरून पाहणं हीदेखील निर्मात्याची स्तुतीच, असं त्या पिढीतले बरेच धर्मोपदेशक मानत. चित्राला मनाई होती, सृष्टीकडे पाहायला नव्हती. वचनाच्या कॅलेंडरवर प्रभूऐवजी डोंगर येतो, त्याचं मूळ मला या जुन्या वृत्तीत दिसतं.

हिस्लॉप यांनी आणखी एक काम केलं. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. अशा एका परधानाच्या तोंडून त्यांनी गोंडांचं लिंगोचं गाणं उतरवून घेतलं. देव आणि गोंड यांच्या उत्पत्तीची ती कथा. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांचे कागद 1866 मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापून काढले, म्हणून ते गाणं उरलं. नागपुरात लोकांना आज हिस्लॉप म्हटलं की 1883 मध्ये निघालेलं कॉलेजच आठवतं.

रंगाआधी शब्दांनी वाट काढली. संस्कृतचे जाणकार नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं आणि बायबल हाती आलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूर ज्या माणसामुळे बदलला, त्याची गोष्ट आपल्या स्टेशनावरून सुटलेल्या गाडीत सुरू व्हावी, याचा नागपूरकर म्हणून थोडा अभिमान वाटतोच. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी त्यांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टाळ-मृदंगावर येशूचं नाव घेतल्यानं कुणाचा विश्वास डळमळला नाही. मग त्याला इथला चेहरा द्यायला काय हरकत, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा नव्हता.

तो प्रश्न कुंचल्यानं विचारला गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनी. जन्म 1902. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकून ते गोव्याला परतले आणि मरियेला साडी नेसवली. गावचे लोक आणि पाद्री दोघेही बिथरले. अखेर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमानं त्यांना जागा दिली. 1967 मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोवर पुणंच त्यांचं घर होतं. कोल्हापूरचे विनायक मासोजी हे मराठी ख्रिस्ती चित्रकारही शांतिनिकेतनातच घडले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर 1963 मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला देवळात मोकळी जागा असावी असं म्हटलं. फोन्सेकांना ती मोकळीक आधीच मिळायला हवी होती.

नागपूरच्या ख्रिस्ती जीवनात या दोन्ही भिंती फार दूर नाहीत. सदरमध्ये कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रल आहे आणि प्रोटेस्टंटांचं ऑल सेंट्स कॅथेड्रलही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली, ती नागपुरातच. चित्रं मानणारे आणि न मानणारे एका छपराखाली आले. तिथं दर्शनी भिंतीवर काय टांगायचं, यावर पाळक आणि मंडळी यांचं एकमत होणं कठीणच, आणि चित्रकाराला अशा वेळी डोंगरच सोपा पडतो.

डोंगरही आता इथला झाला आहे. बर्फ जाऊन पळस आला, संत्र्याचा बहर आला, ऐन आणि मोह आले. 1981 नंतर भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रानं परधान चित्रकार जनगढसिंह श्याम यांना पुढे आणलं आणि परधानांची गाणी ठिपक्या-रेषांची चित्रं झाली. हिस्लॉप यांनी ज्या समाजाच्या माणसाकडून उत्पत्तीचं गाणं ऐकलं, त्याच समाजाची ही चित्रं. एदेन बाग रंगवताना नागपूरच्या चित्रकाराचा हात त्या ठिपक्यांकडे वळतो, हे साहजिक आहे. पण तिथं एक अडचण आहे. गोंडांच्या लेखी ऐनाच्या झाडात बडादेव राहतो. ते झाड एदेन बागेत लावताना चित्रकारानं नुसती शैली घेतली, की कुणाचा देव उचलला? ज्या ख्रिस्ती समाजाला स्वतःचा चेहरा मिळवायला शंभर वर्षं झगडावं लागलं, त्यानं तरी हा प्रश्न हलका समजू नये. माझ्या ओळखीचा एक चित्रकार ऐनाचं झाड काढतो, ठिपके मात्र काढत नाही. झाड मी पाहिलंय, म्हणतो, ठिपके त्यांचे आहेत.