थायरॉइड कॅन्सरच्या उपचारासाठी मदत : कोल्हापूर जिल्ह्यातले अर्ज कुठे अडकतात

पात्र असूनही मदत न मिळालेल्यांची कागदपत्रं पाहिली की एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. घाबरून आधी पैसे भरले, ऑपरेशन उरकलं आणि बिल घेऊन मदतीसाठी फिरायला सुरुवात केली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो वा मुख्यमंत्री सहाय्यता निधी, भरलेल्या बिलाचे पैसे रुग्णाला परत मिळत नाहीत. मंजुरी उपचाराआधी किंवा उपचार चालू असताना घ्यायची असते आणि रक्कम थेट रुग्णालयाकडे जाते.

म्हणून आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : किती दिवस थांबलं तर चालेल? थायरॉइडचे बहुतेक कॅन्सर पॅपिलरी प्रकारचे असतात आणि ते सावकाश वाढतात. कागद जमवायला आठ-पंधरा दिवस लागले तर सहसा बिघडत नाही, पण हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका. गाठ झपाट्याने वाढतेय, श्वास घ्यायला त्रास होतोय, तर कागदांसाठी थांबू नका. तातडीच्या वेळी रुग्णालय फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतं, कागद मागून देता येतात.

महात्मा फुले योजना

१ जुलै २०२४ पासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशनकार्डधारकांना ती लागू आहे. "आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काय मिळणार" म्हणून घरी बसलेली माणसं अजून भेटतात. कृपा करून तसं करू नका. रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, भेटा. पुढचं ऑनलाइन काम तोच करतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही आरोग्यमित्र आहेत. एक मात्र विचारून घ्या : रुग्णालय योजनेत आहे, पण या ऑपरेशनच्या विभागासाठी आहे का? मान्यता विभागवार असते. दारावर योजनेचा फलक दिसला म्हणजे थायरॉइडचं ऑपरेशन तिथे योजनेतून होईलच असं नाही.

खरी अडचण रेशनकार्डावरच्या नावाची. थायरॉइडचा कॅन्सर पुरुषांपेक्षा बायकांमध्ये सुमारे तिप्पट आढळतो, आणि बायकांचीच नावं कागदोपत्री अर्धवट असतात. लग्नाला दहा वर्षं झाली तरी नाव माहेरच्या कार्डावर. आधारवर सासरचं आडनाव, सोनोग्राफीवर माहेरचं, एफएनएसीच्या (गाठीच्या सुई-तपासणीच्या) रिपोर्टवर फक्त हाक मारायचं नाव. मंजुरी देणाऱ्यापुढे ही तीन वेगळी माणसं असतात. आधी माहेरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, मग सासरच्या कार्डात नाव चढवा आणि कार्डाच्या बारा अंकी ऑनलाइन क्रमांकाखाली ते दिसतं का ते स्वतः पाहा. कार्डावर पेनने लिहिलेलं नाव ऑनलाइन नसेल तर उपयोगाचं नाही. निपाणी-बेळगावकडून लग्न होऊन आलेल्यांच्या आधारवर अजून कर्नाटकचा पत्ता असतो. तोही याच वेळी बदलून घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला या टेबलावरून त्या टेबलावर नाचवणं बरोबर नाही, पण तोवर हे काम नातेवाइकांनी अंगावर घ्यावं, रुग्णाला रांगेत उभं करू नये.

रिपोर्टमध्ये 'कॅन्सर' लिहिलेलंच नसतं तेव्हा

हा या आजाराचा खास गुंता आहे. गाठीत सुई घालून केलेल्या एफएनएसीचा निकाल बेथेस्डा पद्धतीने १ ते ६ अशा वर्गांत देतात. सहावा म्हणजे कॅन्सर, पाचवा म्हणजे दाट संशय. तिसरा-चौथा वर्ग आला तर सुईवरून नक्की सांगता येत नाही. फॉलिक्युलर प्रकारात पेशी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी भेदून बाहेर गेल्या आहेत का, यावर निदान ठरतं, आणि ते काढलेली गाठ तपासल्यावरच कळतं. अशा वेळी अनेकदा आधी अर्धी ग्रंथी काढतात, मग बायोप्सीत कॅन्सर निघतो आणि उरलेली ग्रंथी काढायला दुसरं ऑपरेशन लागू शकतं.

म्हणून पहिल्या ऑपरेशनची पूर्वमंजुरी थायरॉइडच्या गाठीची म्हणून घेतली जाते. त्यात चूक काही नाही. 'कॅन्सर लिहा' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका, रिपोर्टशी न जुळणारा अर्ज परत येतो. दुसऱ्या ऑपरेशनची मंजुरी वेगळी, तिला बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट जोडायचा. पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. पुढे मोठ्या केंद्रात गेलात तर ते पुन्हा तपासायला मागतात, आणि गठ्ठ्यात नुसता कागद असेल तर नातेवाइकाला कोल्हापूरला परत यावं लागतं.

रेडिओआयोडीन : इथे तारीख चुकली की शरीर भोगतं

ऑपरेशननंतर काही रुग्णांना आयोडीन-१३१ म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन (रेडिओआयोडीन) द्यावं लागतं. मात्रा ३० मिलिक्युरीपेक्षा (किरणोत्सर्गाचं माप) जास्त असेल तर विलगीकरणाच्या खोलीत दाखल व्हावं लागतं आणि अशा खोल्या मोजक्याच परवानाधारक केंद्रांत असतात. मुंबईत परळला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं. टाटात नाव नोंदवताना खाजगी नव्हे, जनरल विभागात नोंदवा. समाजसेवा विभागाची मदत जनरल रुग्णांसाठी असते.

डोसआधी रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ३० च्या वर जावं लागतं, त्यासाठी ग्रंथी काढल्यावर रोज घ्यायची थायरॉक्सिनची गोळी साधारण चार ते सहा आठवडे बंद ठेवतात. इथे लोक घाई करतात. अर्ज टाकला की गोळी बंद. मग मंजुरी लांबते, खोली मिळत नाही आणि रुग्ण सुजलेला, थकलेला, थंडीने कुडकुडणारा नुसता वाट बघत बसतो. केंद्राने डोसची तारीख लेखी दिल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी थांबवू नका. दुसरं म्हणजे शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन केलेला सीटी स्कॅन. तो झाला असेल तर डोस काही आठवडे पुढे जातो. सीटीची तारीख अर्जाच्या वेळीच सांगा. गरोदर असताना हा उपचार देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजणं आधीच पूर्ण थांबवावं लागतं, म्हणून ही गोष्ट पहिल्याच भेटीत बोला.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी

इतर योजनेत उपचार बसत नसेल तर हा मार्ग. कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी-रेडिएशन दोन्ही निधीच्या यादीत आहेत. रेडिओआयोडीनसाठी अंदाजपत्रकात 'थायरॉइड कर्करोगासाठी रेडिएशन उपचार' असं स्पष्ट लिहून घ्या. खाजगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणन लागतं आणि रुग्णालय निधीच्या संगणकीय यादीत असावं लागतं. रुग्णाचा जिओ-टॅग फोटोही (ठिकाणाची नोंद असलेला) लागतो. आयोडीनच्या रुग्णाचा हा फोटो दाखल झाल्याबरोबर, डोस देण्याआधी काढा. नंतर त्या खोलीत नातेवाइकांना जाता येत नाही. आधार आणि रेशनकार्ड जोडायचंच. मदतीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षात जा, त्यासाठी मंत्रालय गाठायची गरज नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर. मर्यादा वर्षाला १.६० लाख. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, मग तो फेब्रुवारीत काढलेला का असेना. 'वर्षभर चालेल' असं समजून एप्रिलमध्ये तोच जोडला की अर्ज परत. दुसरं, आपल्याकडचा उसाचा सामाईक सातबारा. चार भावांची नावं असलेल्या उताऱ्यावरचं सगळं क्षेत्र एकाच्या नावे धरलं तर उत्पन्न सहज मर्यादेबाहेर जातं. तलाठ्याकडे जबाब देताना आपला हिस्सा किती हे ठामपणे सांगा आणि तसं नोंदवलं का ते वाचूनच सही करा.

मर्यादा ओलांडली तरी एक दार उघडं असतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी उत्पन्न १.८० लाखांपर्यंत, दुर्बलांसाठी ३.६० लाखांपर्यंत. 'खाट शिल्लक नाही' असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. महात्मा फुले योजनेत पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर रुग्ण दाखल असतानाच फोन करा.

घरी आल्यावर आणि प्रवासात

योजनेतून डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधं मिळतात. थायरॉक्सिन मात्र जन्मभराचं आहे आणि ते आपल्या खर्चाचं, पण गोळी स्वस्त आहे. ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम घटलेलं असू शकतं, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

परळच्या फेऱ्यांसाठी रेल्वेची सवलत घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला १०० टक्के, सोबत्याला ७५ टक्के. ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र उपचार करणारं रुग्णालय देतं आणि तिकीट आरक्षण खिडकीवरच काढावं लागतं. महालक्ष्मी एक्सप्रेसने परत येण्याआधीच पुढच्या तपासणीच्या तारखेचं प्रमाणपत्र तिथूनच घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला जाताना पूर्ण भाडं भरावं लागतं.