परतीची गाडी कोणत्या तारखेला सांगायची?

नाशिकहून मुंबई विमानतळाची गाडी सांगताना बहुतेक जण विचारतात, "अमेरिकेचं विमान किती तासांचं?" मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे आणि विमान ताशी ९०० च्या आसपास जातं. म्हणजे थेट विमानाला चौदा तास धरा. जाताना उंचावरचे पश्चिमेचे जोरदार वारे समोरून येतात, म्हणून तास-दीड तास जास्त लागतो. येताना तेच वारे पाठीशी असतात.

इथवर सगळ्यांचं बरोबर असतं. घोळ होतो तो तिकिटावरच्या वेळा वाचताना. निघायची वेळ निघण्याच्या गावची असते, पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची. मुंबईहून सकाळी १० ला निघालेलं विमान दुबईला पावणेबाराला उतरतं. वजाबाकी केली तर पावणेदोन तास येतात, पण प्रवास सव्वातीन तासांचा आहे, कारण दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास आहे.

दुबईला चूक झाली तर दीड तासाची, अमेरिकेहून येताना मात्र अख्खा दिवस जातो. समजा, उन्हाळ्यात लेकीकडून परतणारे आई-बाबा न्यूयॉर्कहून १० तारखेला रात्री ९ ला निघाले. घरचे नऊमध्ये चौदा तास मिळवतात आणि ११ तारखेला सकाळी ११ ची गाडी सांगतात. पण न्यूयॉर्कला रात्रीचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे ११ तारखेचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. विमान उतरतं ११ तारखेला रात्री साडेआठला. आमचा ड्रायव्हर साडेनऊ तास आधी जाऊन बसतो. काही जण तर निघण्याचीच तारीख सांगतात, मग गाडी आदल्या दिवशीच मुंबईला जाऊन रिकामी परत येते.

हा फरकही बारा महिने सारखा नसतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. त्यामुळे न्यूयॉर्कशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा.

म्हणून आम्ही तोंडी वेळ घेत नाही, तिकिटाचा फोटो मागतो. काहींना हा अविश्वास वाटतो. तसं नाही. मुंबईत उतरण्याची तारीख आणि विमानाचा क्रमांक आम्ही स्वतः वाचून घेतो आणि विमान उशिरा असेल तर गाडीही त्याप्रमाणे काढतो. त्या उशिराचं वेटिंग आम्ही लावत नाही. चुकीची तारीख दिली असेल, तर मात्र त्या फेरीचं डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता घ्यावाच लागतो.

जातानाही तारीख बघा. १५ तारखेला रात्री २ चं विमान म्हणजे नाशिकहून १४ तारखेला संध्याकाळी निघायचं. इगतपुरी ते आमणे समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, तरी पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. आम्ही रस्त्याचे पाच तास आणि विमानतळावरचे तीन तास धरतो, म्हणजे संध्याकाळी ६ ला गाडी दारात. "इतक्या लवकर कशाला?" असं विचारणाऱ्यांनाही आम्ही हीच वेळ देतो.

वयस्कर मंडळी एकटी येत असतील तर बुकिंग करतानाच सांगा. ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन बाहेर उभा राहील आणि बॅगाही तोच उचलेल. त्याचे वेगळे पैसे नाहीत.