पाठीवर इंजिन, म्हणून मागे रुंद टायर

सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरखाली चारही बाजूंनी एखादं पोस्टकार्ड सरकवून बघा. कार्ड जिथे अडेल तिथे खडूने रेघ मारा आणि गाडी पुढे घ्या. जमिनीवर एक चौकोन उरतो, जेमतेम तळहाताएवढा. अख्खी गाडी अशा चार चौकोनांवर उभी असते. ब्रेक लागतो तो तिथेच, वळण घेतलं जातं तेही तिथेच.

रुंद टायर बसवला की हा चौकोन मोठा होणार, असं कुणालाही वाटेल. पण गाडीचं बहुतेक ओझं टायरमधली हवा पेलते. एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो, असं धरा. भागाकार केला की १३३ चौरस सेंटिमीटर येतात. हवा तेवढीच ठेवली तर टायर बदलूनही हा आकडा फारसा हलत नाही. ठशाचा, म्हणजे त्या चौकोनाचा, आकार मात्र बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा आणि आखूड.

मग रुंदीचा फायदा काय? शाळेत आपण शिकलो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये मांडलेला हा नियम लाकडाला, लोखंडाला बऱ्यापैकी लागू पडतो. रबराला नाही. रबरावर भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. दर किलोमागे मिळणारी पकड घटत जाते. रुंद टायर तोच भार कमी हवेत पेलू शकतो, आणि हवा कमी केली की ठसा खरोखर मोठा होतो. वळणावरची उष्णता आणि झीजही जास्त रबरात वाटली जाते, त्यामुळे अधिक मऊ, अधिक चिकट रबर वापरता येतं. शिवाय रुंद टायरची बाजूची भिंत बहुधा बुटकी असते, ती वळणावर कमी झुकते.

हे सगळं मागच्याच चाकांना का हवं, याचं उत्तर पोर्श ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारइतकं स्वच्छ दुसरी कुठलीच गाडी देत नाही. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम दिसली. सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि वजनाचा साधारण ६० टक्के वाटा मागे. टायर मात्र चारही सारखे, १६५ मिलिमीटरचे.

वळणावर टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्या दिशेला जात नाही. काही अंश बाहेर सरकतो. या फरकाला स्लिप अँगल म्हणतात. जिकडे वजन जास्त, तिकडे बाहेर खेचणारा जोर जास्त, म्हणून टायर सारखे असले तर ९११ची मागची बाजू आधी सरकते. त्यात चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटी बाहेर फिरते. हातोडा दांड्याकडून पुढे फेकला, तर जड डोकं पुढे यायला बघतंच.

पोर्शच्या अभियंत्यांनी सुरुवातीला पुढच्या बंपरमध्ये चक्क ओतीव लोखंडाची वजनं बसवली. मग १९६९च्या मॉडेलमध्ये इंजिन होतं तिथेच ठेवून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली. आणि १९७३च्या कॅरेरा आरएस २.७ या ९११च्याच प्रकारात पुढे १८५/७० आणि मागे २१५/६० असे टायर आले, दोन्ही १५ इंची रिमवर. मागचे मडगार्ड त्यासाठी फुगवावे लागले.

या आकड्यांपाशी जरा थांबू या, कारण सगळी कारागिरी त्यातच आहे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगतो. पुढची भिंत १८५ च्या ७० टक्के, म्हणजे १२९.५ मिलिमीटर. मागची २१५ च्या ६० टक्के, म्हणजे १२९. रिम ३८१ मिलिमीटर. चाकाचा एकूण व्यास पुढे ६४०, मागे ६३९. रुंदी ३० मिलिमीटरने वाढली, पण उंची एका मिलिमीटरनेच बदलली! मला हा हिशोब फार देखणा वाटतो. आजच्या ९११ कॅरेरात पुढे २३५ आणि मागे २९५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे, आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात. अशा गाडीला फक्त मागे चौडे टायर टाकले तर उलटंच होतं. भार पुढे, पकड मागे. स्टिअरिंग वळवलंय आणि गाडी मात्र सरळच चाललीय, अशी वेळ लवकर येते. रुंद टायरला रिमही रुंद लागते, नाहीतर टायर फुगून मधोमध झिजतो. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप, चुकला तर टायर आत सस्पेन्शनला घासतो किंवा बाहेर मडगार्डला, आणि हे रिकाम्या गाडीत कळत नाही. मागे तिघं बसवून, खड्ड्यातून नेऊन बघावं लागतं.

पावसाची गोष्ट निराळी. आडव्या ठशाला समोरून येणारं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तेही आखूड लांबीत, म्हणजे कमी वेळात. ते साधलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून या वेगाचं सूत्र दिलं: हवेचा दाब जितका कमी, तितका तरंगायचा वेग कमी. त्या सूत्रात ३२ पीएसआय घातले तर ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतात. खाचा खोल असतील तर टायर याहून जास्त वेगापर्यंत रस्ता धरून राहतो. म्हणून जूनच्या आधी मागच्या टायरच्या खाचेत एक रुपयाचं नाणं उभं घालून, ते किती आत जातं ते बघून घ्या.