जन्मजात हृदयदोष आणि मेंदूतील श्वेतद्रव्याची इजा

गंभीर हृदयदोष घेऊन जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, खोलवरच्या मज्जातंतूंच्या थरात म्हणजे श्वेतद्रव्यात, रक्तपुरवठा किंवा ऑक्सिजन कमी पडल्याने होणारी इजा. दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांना हृदयदोष असतो. मात्र हृदयाच्या पडद्यातल्या साध्या छिद्रात ही इजा क्वचितच दिसते. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल, हृदयाची डावी बाजू अविकसित राहणे, एकच कामाचे निलय (हृदयाचा खालचा कप्पा) असणे, अशा दोषांत ती प्रामुख्याने आढळते.

पूर्वी याचे सगळे खापर शस्त्रक्रियेवर आणि त्या वेळी हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर फुटे. शस्त्रक्रियेआधी केलेल्या एमआरआयमध्येही साधारण पाचातल्या एका बाळात इजा दिसू लागली, तेव्हा कारणाचा शोध गर्भावस्थेपर्यंत मागे गेला. निरोगी गर्भात वारेकडून आलेले जास्त ऑक्सिजनचे रक्त हृदयाच्या डाव्या बाजूने मेंदूकडे जाते. धमन्यांची अदलाबदल झालेली असेल तर तेच रक्त फुप्फुसधमनीत शिरते आणि मेंदूच्या वाट्याला कमी ऑक्सिजनचे रक्त येते. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदूही सुमारे महिनाभर मागे राहतो. मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण चढवणाऱ्या पेशी अजून कोवळ्या असतात आणि ऑक्सिजनची कमतरता त्यांना सोसत नाही. एरवी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दिसणारी इजा तीन किलोच्या, दिसायला धडधाकट बाळात सापडते ती यामुळेच. शस्त्रक्रियेच्या वेळचा आणि नंतरचा कमी रक्तदाब त्यात भर घालतो.

टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत या इजेचे बारीक ठिपके बहुधा निसटतात, एमआरआयच लागतो. बाळाची प्रकृती स्थिर असेल तर त्यासाठी दर वेळी भूल द्यावी लागत नाही. पोटभर दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कान झाकून झोपलेल्या बाळाचा एमआरआय काढता येतो. लहान ठिपके पुढच्या एमआरआयमध्ये अनेकदा पुसट होतात, पण तेवढ्यावर निर्धास्त होणे घाईचे ठरेल.

नागपुरात मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांतल्या बाळंतपणांखेरीज भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटहूनही आजारी बाळे येतात. ‘बाळ निळं पडतं’ हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असू शकतो. म्हणून जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी पाहतात. दोन्हीकडचा आकडा ९५ च्या खाली असेल किंवा दोहोंत ३ हून अधिक फरक वारंवार येत असेल, तर इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी) करतात. अदलाबदलीच्या दोषात नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही. गर्भातली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या औषधाची ड्रिप आणि प्रसंगी फुग्याने अलिंदातील (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधले) छिद्र मोठे करणे, हे शस्त्रक्रियेपूर्वीचे उपाय.

बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत असते. अडचण मान धरणे, बसणे, चालणे लांबण्यात आणि पुढे शाळेत अक्षर, गणित, एकाग्रता यांत दिसते. ‘ऑपरेशन झालं, आता बरं आहे’ म्हणून तपासणी थांबते ती नेमकी याच काळात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. हृदयदोषासोबत विकासातला विलंबही त्याच यादीत आहे; विलंब आढळलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवून फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार सुरू करता येतात.