चुनिन परीक्षेची पार्श्वभूमी: निन्जांची जाहीर स्पर्धा आणि आतून शिजलेला दगा

नारुटो या जपानी मंगामधला (मंगा म्हणजे तिथलं कॉमिक) चुनिन एक्झामचा आर्क, म्हणजे निन्जा पोरांच्या बढतीच्या परीक्षेचा भाग, म्हटला की लोकांना आठवतात फाइट्स. रॉक लीने पायातली वजनं सोडली आणि खाली धुरळा उठला तो सीन, किंवा हिनाता पडून पडून परत उठते तो. ते सगळं भारीच आहे, त्यात वादच नाही. पण ही परीक्षा मुळात आली कुठून, "चुनिन" या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि शेवटी बढती एकाच पोराला का मिळाली, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की पुढे झालेला दगा वेगळाच दिसायला लागतो. पहिला भाग पूर्ण माहीत आहे असं धरूनच लिहितोय, त्यामुळे चक्रा म्हणजे काय, नऊ शेपट्यांचा कोल्हा कोण, यात जात नाही.

आधी मंगाचा काळ बघू. मालिका सप्टेंबर 1999 मध्ये सुरू झाली. त्याआधी 1997 च्या उन्हाळ्यात एक सुटी कथा आली होती, तिच्यात निन्जांचं गाव नव्हतंच, नारुटो हे कोल्ह्याचंच पोर होतं. सासुकेसुद्धा लेखकाच्या मूळ प्लॅनमध्ये नव्हता, नारुटोला गावातलाच एक प्रतिस्पर्धी पाहिजे असं पहिल्या संपादकाने सुचवलं म्हणून तो आला. म्हणजे ज्या रायव्हलरीवर पुढची पंधरा वर्षं मालिका चालली ती नंतर घातलेली आहे, आणि मला वाटतं म्हणूनच ती इतकी घट्ट बसली, कारण ती मुद्दाम विचार करून बसवली होती.

ज्या साप्ताहिकात हे छापून येत होतं त्याचीही तेव्हा अडचणच चालली होती. 1995 च्या सुरुवातीला त्याचा खप 65 लाख 30 हजारांवर गेला होता, तो त्यांचा विक्रम. मग दोन मोठ्या मालिका पाठोपाठ संपल्या, खप घसरला, आणि 1997 मध्ये दुसऱ्या प्रकाशकाच्या साप्ताहिकाने त्यांना मागे टाकलं. अंकासोबत पोस्टकार्ड यायचं, वाचकांनी आवडलेल्या तीन मालिका त्यावर लिहून पाठवायच्या, आणि नव्या मालिकेचं जगणं-मरणं बऱ्यापैकी त्या मतांवर ठरायचं. अशा जागी स्पर्धेचा आर्क हे हुकमी हत्यार होतं, 80 च्या दशकापासून तिथल्या मारामारीच्या मालिकांनी ते वापरलेलं. एका मैदानात वीस पोरं आणायची, प्रत्येकाला एक टेक्निक आणि एक दुःख द्यायचं, वाचकाला आपापला आवडता सापडतोच. नारुटोने तेच केलं. आर्क साधारण 2000 मध्ये सुरू झाला आणि हल्ल्याचा भाग धरून 2002 पर्यंत चालला, म्हणजे 3 ऑक्टोबर 2002 ला अॅनिमे टीव्हीवर आला तेव्हा मंगात हे सगळं नुकतंच उरकत आलं होतं. अॅनिमेमध्ये परीक्षा एपिसोड 20 ते 67, आणि हल्ला 68 ते 80.

आता शब्दाकडे येतो, कारण सगळा गुंता इथे आहे आणि यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

गेनिन, चुनिन, जोनिन. अक्षरशः खालचा, मधला, वरचा. तिन्ही शब्दांत "निन" तेच, निन्जामधलं. त्या अक्षराचे दोन अर्थ आहेत, लपणं आणि सोसणं. मालिकेत ही चक्क नोकरीतल्या ग्रेडसारखी पदं आहेत: अकॅडमी पास झालात की गेनिन, परीक्षा दिली आणि वरच्यांनी मान्य केलं की चुनिन, म्हणजे टीम लीड करायला मोकळे. त्यामुळे आपल्याला वाटतं की जुन्या जपानातही अशीच रचना असणार. तसं नाहीये. इगा या निन्जांच्या प्रांतावर 1581 मध्ये सरदार ओदा नोबुनागाची फौज चालून आली आणि तिथल्या लोकांची स्वतःची सत्ता संपली. त्यातले बरेच जण नंतर एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्यावर पहारेकरी म्हणून लागले, टोकियोत हांझोमोन नावाचं स्टेशन आहे ते त्यांच्यातल्याच एका घराण्याच्या नावावरून. आणि त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, 1676 मध्ये, बान्सेन्शुकाई नावाचा ग्रंथ तयार झाला ज्यात ही सगळी विद्या एकत्र केलीय. म्हणजे लढाया संपल्यावर, शांततेच्या काळात लिहिलेलं पुस्तक. त्यात जोनिन हा शब्द येतो तो पद म्हणून नाही तर दर्जा म्हणून, जसं आपण म्हणतो हा वरच्या दर्जाचा कारागीर. आणि वरच्या दर्जाचा निन्जा कोण, तर ज्याचा आवाज येत नाही, वास येत नाही, ज्याच्या हुशारीची किंवा शौर्याची कुठे चर्चा होत नाही असा. काम करून गेला आणि कुणाला कळलंच नाही कोण होता, तो खरा.

मग जोनिन म्हणजे मालक, चुनिन म्हणजे मधला मुकादम आणि गेनिन म्हणजे राबणारा ही उतरंड आली कुठून? ती पक्की झाली दुसऱ्या महायुद्धानंतर, मुख्यतः 60 च्या दशकात जपानमध्ये निन्जा कादंबऱ्या आणि सिनेमांची लाट आली तेव्हा. खुद्द "निन्जा" हा उच्चारही रोजच्या बोलण्यात रुळला तो युद्धानंतरच, त्याआधी लोक शिनोबी किंवा शिनोबी-नो-मोनो असंच जास्त म्हणायचे. म्हणजे आपण ज्याला प्राचीन समजतो ते बरंचसं आपल्या आजोबांच्या काळातलं आहे. मंगाने ही उतरंड उचलली आणि तिच्यात अजून एक पायरी घातली: पद मिळवायला परीक्षा, परीक्षेचा शेवट स्टेडियममध्ये, आणि स्टेडियमच्या गॅलरीत देशोदेशीचे सरदार बसलेले.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या धंद्यात नाव न होणं हीच सगळ्यात मोठी लायकी, त्या धंद्यातली बारा-तेरा वर्षांची पोरं हजारो लोकांसमोर आपली गुपितं उघडी करून लढतायत. कथेत याचं कारण स्पष्ट दिलंय. जंगलातला दुसरा टप्पा संपल्यावर, प्राथमिक फेरीच्या आधी, तिसरा होकागे (नारुटोच्या गावाचा प्रमुख) पोरांना सांगतो की मैत्री वाढवणं वगैरे बोलायच्या गोष्टी, ही परीक्षा म्हणजे मित्रदेशांमधल्या युद्धाची जागा घेणारी गोष्ट आहे. बघायला येणारे सरदार म्हणजे गिऱ्हाईक. ज्या गावाची पोरं चमकली त्या गावाला कामं मिळणार, ज्यांची आपटली त्यांची कामं कमी होणार. परीक्षा ही गावाची जाहिरात होती आणि पोरं त्या जाहिरातीत रक्त सांडत होती.

पहिला पेपर मात्र अजून जुन्या अर्थाने निन्जाचा आहे. लेखी परीक्षा, प्रश्न असे की गेनिनला येणारच नाहीत, आणि नियम असा की कॉपी करताना प्रत्येक वेळी सापडलात की दोन मार्क कट. कॉपी केली की लगेच बाहेर, असा नियमच नाही, पाच वेळा सापडलात की बाहेर. म्हणजे कॉपी कराच, पण सापडू नका. मग संपायला पंधरा मिनिटं राहिली असताना दहावा प्रश्न येतो आणि अट अशी घालतात की घेतला आणि चुकला तर जन्मभर गेनिनच राहायचं. नारुटो टेबलावर हात आपटतो आणि ओरडतो की जन्मभर गेनिन राहिलो तरी चालेल, तरीही होकागे होईनच. त्या खोलीतून 78 जण पुढे गेले. पाच दिवसांच्या मृत्यूच्या जंगलातून 21 बाहेर आले, काबुटोने नाव मागे घेतलं, वीस उरले. नंतरच्या फेरीत दहा सामने आणि नऊ विजेते, कारण साकुरा आणि इनो दोघीही एकदमच आडव्या झाल्या.

महिनाभराने फायनल. नारुटोने नेजीला जमिनीखालून बोगदा खणून येऊन पाडलं, स्टेडियम उभं राहिलं, सगळ्यांना वाटलं झाला हा चुनिन. मग नारुटोच्याच गावाचा शिकामारू विरुद्ध वाळूच्या गावाची टेमारी. ही मॅच मी कितीदा पाहिलीय मोजलेलं नाही. ऊन कलतंय, भिंतीची सावली लांब होतेय, तो बसून बोटं जुळवतो आणि विचार करतो, तिचं लक्ष वर कोट बांधून सोडलेल्या कुनाईकडे (निन्जाच्या सुरीकडे) जातं, आणि सावली येते मागून, नारुटोने आधीच्या मॅचमध्ये खणलेल्या त्याच भोकातून. टेमारी जागेवर गोठते. दोघं समोरासमोर चालत येतात, तो हात वर करतो तर तिचाही हात वर जातो, आता संपलं असं वाटत असताना तो म्हणतो, मी सोडली मॅच. चक्रा संपत आलंय, पुढचं गणित जमणार नाही. बस.

आणि त्या अख्ख्या परीक्षेतून चुनिन झाला तो एकटा शिकामारू.

यावर चाहत्यांमध्ये आजही भांडणं होतात. एक बाजू म्हणते हल्ला झाला, फायनल अर्धवट राहिली, बाकीच्यांवर अन्याय झाला, नारुटो तर जिंकला होता. दुसरी बाजू म्हणते निकाल जिंकण्यावर ठरणार नाही हे आधीच सांगितलं होतं, टीम सांभाळता येते का हे बघायचं होतं. मी सरळ दुसऱ्या बाजूचा आहे. त्या मैदानात एकच पोरगा होता ज्याला समोरच्या गर्दीचं काहीच पडलं नव्हतं, ज्याला स्वतःची ताकद कुठे संपते हे आकड्यात माहीत होतं, आणि जो जिंकलेली मॅच सोडून खाली मान घालून निघून गेला. जुन्या ग्रंथातल्या वरच्या दर्जाच्या निन्जाच्या जवळ जाणारा तोच. नेजी ताकदीने खूप वर होता हे मान्य, पण तो त्या दिवशी घरातल्या माणसांवरचा राग घेऊन मैदानात उतरला होता, आणि अशाच्या हातात कुणी चार पोरं देऊ नयेत.

दग्याचं मूळही याच जाहिरातीत आहे, आणि इथे वाळूच्या गावाची बाजू नीट सांगितली जात नाही असं मला वाटतं. त्यांना व्हिलन करून टाकतात. पण त्यांच्याच देशाच्या सरदाराने गावाचा निधी कमी केला होता आणि कामं स्वस्तात आणि चांगली होतात म्हणून परस्पर पानांच्या गावाला, म्हणजे नारुटोच्या गावाला, द्यायला सुरुवात केली होती. मित्रराष्ट्र म्हणायचं आणि पोटावर पाय द्यायचा. परीक्षा हेच युद्ध असेल तर ते हे युद्ध वर्षानुवर्षं हरत होते, मग त्यांनी खरंखुरं युद्ध उघडलं. त्यातही ते फसलेच, कारण ज्या काझेकागेच्या (वाळूच्या गावाच्या प्रमुखाच्या) हुकमावर सगळं चाललं होतं तो आधीच मारला गेला होता आणि त्याच्या कपड्यांत पानांच्या गावातून फितूर झालेला ओरोचिमारू बसला होता, होकागेच्या शेजारच्या खुर्चीवर.

ओरोचिमारू हे नावच जपानी वाचकाला खूप काही सांगून जातं. 1839 ते 1868 दरम्यान भागाभागाने छापलेली जिराइयाची एक लोककथा आहे, बेडकाची विद्या जिराइयाकडे, गोगलगायीची त्सुनादेकडे, आणि सापाची ओरोचिमारूकडे, जो आधी जिराइयाचाच अनुयायी होता आणि नंतर उलटला. सासुके हे नावही 1910 च्या दशकात पोरांच्या खिशात मावणाऱ्या पुस्तकांतून गाजलेल्या सारुतोबी सासुकेचं. म्हणजे जंगलात तो लांब जिभेचा माणूस सासुकेच्या मानेला चावतो आणि स्वतःचं नाव सांगतो, तेव्हाच तिथल्या वाचकाला कळलं असणार की घरातलाच कुणीतरी फिरलाय. आपल्याकडे ती गोष्ट माहीत नसल्याने ते हुकलं, मलाही हे फार उशिरा कळलं आणि मग सगळा आर्क परत पहिल्यापासून बघावा लागला.

हल्ल्याची सुरुवात किती शांत आहे बघा. सासुके आणि वाळूच्या गावाच्या गाराची मॅच चालू, आणि प्रेक्षकांवर वरून पांढरी पिसं पडायला लागतात, हळूहळू, आणि ओळीच्या ओळी झोपी जातात. साकुरा जागी राहते. शिकामारूही जागाच असतो, झोपल्याचं सोंग घेऊन पडलेला.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. तिसरा होकागे गेला. चुनिन म्हणून शिकामारूला पहिलं काम मिळालं ते गाव सोडून निघालेल्या सासुकेला परत आणायचं, गेलेली पाचही पोरं जिवंत वाचली पण सासुके गेलाच. अडीच वर्षांनी नारुटो परतला तेव्हा गारा काझेकागे होता, नेजी, टेमारी, कानकुरो जोनिन, बाकीचे सगळे चुनिन, आणि हा एकटा गेनिन. नोव्हेंबर 2014 मध्ये 700 व्या चॅप्टरला मंगा संपला, तो सातवा होकागे झालेला दाखवला, पण चुनिन होताना मंगात कुठेच दाखवला नाही. दहाव्या प्रश्नाच्या वेळी ओरडलेलं वाक्य शब्दशः खरं झालं.

2015 च्या सिनेमात परीक्षा परत आली, या वेळी त्याच्याच मुलाची. बोरुटो मनगटावरच्या यंत्रातून दुसऱ्यांच्या टेक्निक्स वापरतो, सापडतो, आणि भर स्टेडियममध्ये बाप येऊन त्याला बाद करतो, आणि पाठोपाठ वरून शत्रू उतरतात. आधीच्या पिढीला चोरी करता येते का हे तपासून पास केलं आणि याला चोरी केली म्हणून काढलं, असं वरवर दिसतं. पण नियम तोच आहे: सापडलास. आपल्याकडे 2022 मध्ये एका किड्स चॅनलवर मूळ मालिका हिंदीत लागली तेव्हा शाळेतली पोरं हा आर्क पहिल्यांदा बघत होती आणि तेच विचारत होती जे आम्ही विचारायचो, नारुटोला का नाही केलं. ऑगस्ट 2023 पासून बोरुटोचा जो नवा भाग चालू आहे त्यात होकागेच्या खुर्चीवर शिकामारू आहे.