गर्दी मोजायची चटई

नाशिकमध्ये पूर किती आला हे कुणी मीटरमध्ये सांगत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं म्हटलं की सगळ्या गावाला कळतं. पण त्याच गोदाकाठी गर्दी किती झालीये हे सांगणारा असा कुठलाच मारुती नव्हता, आणि 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थाच्या शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडाकडच्या रस्त्यावर चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली.

चेंगराचेंगरी म्हटलं की वाटतं लोक पळाले, पडले, तुडवले गेले. बऱ्याचदा तसं नसतंच. सव्वातीन फूट बाय सव्वातीन फूट, म्हणजे साधारण 1 चौरस मीटर जागेत 4 माणसं असली तर अंग चोरून का होईना पण चालता येतं, तीच 7 झाली की कुणीच स्वतःच्या पायाने चालत नसतं, गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, मागून बसलेला एक धक्का लाटेसारखा पुढे पुढे जातो आणि मधल्या माणसाची छाती दोन्ही बाजूंनी अशी दाबली जाते की त्याला उभ्या उभ्याच श्वास घेता येत नाही. मागच्यांना यातलं काहीच दिसत नाही, रस्ता मोकळा होतोय असं समजून ते पुढे रेटतच राहतात. म्हणून जे काही करायचं ते 4 वरून 7 वर जायच्या आत, आणि त्यासाठी आकडा हातात पाहिजे.

2015 च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये कुंभथॉन झालं, म्हणजे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर तंत्रज्ञानातून उपाय शोधायचा उपक्रम, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर मूळचे नाशिकचे, त्यांच्या पुढाकाराने 2014 पासून इथे विद्यार्थ्यांचे कॅम्प सुरू झाले. त्यातून 'आशिओतो' नावाची चटई तयार झाली, जपानीत आशिओतो म्हणजे पावलांचा आवाज. नाशिकचाच शाळकरी मुलगा निलय कुलकर्णी त्या टीममध्ये होता, पुढे त्याने टेड या भाषणांच्या कार्यक्रमाच्या मंचावर ही गोष्ट सांगितली. रस्त्यावर चटई टाकायची, पाय पडला की आतल्या सेन्सरवर दाब येतो, मोजणी होते आणि आकडा इंटरनेटवरून बंदोबस्तावाल्यांकडे जातो. सिंहस्थात या चटयांनी 18 तासांत 5 लाखांच्या आसपास माणसं मोजली.

ऐकायला सोपं वाटतं ना? मागच्या डिसेंबरात एका कॉलेजच्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या तासांत सलग बसून काहीतरी बनवायच्या स्पर्धेत, मी मेंटर म्हणून होतो, तिथे सहा पोरांनी याच कल्पनेवर चटई करायला घेतली. खाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मध्ये भोकं पाडलेला फोम, वर परत फॉइल. पाय पडला की भोकांतून दोन्ही फॉइल चिकटतात, सर्किट पूर्ण होतं, आकडा एकने वाढतो. रात्री 2 वाजता चटई चालली, पोरं नाचली. मग कॅन्टीनवाला चहाची ट्रॉली घेऊन त्यावरून गेला, आकडा दोनने वाढला. दोन मुली गप्पा मारत शेजारी-शेजारी पावलाला पाऊल मिळवून गेल्या तर एकच मोजली. आणि एक जण चटईवर उभं राहून फोनवर बोलत होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर अंग टाकत, तो एकटा अकरा माणसं झाला.

खरं विज्ञान मला तिथे सुरू झालेलं दिसलं. एका पोरीने कटर घेतला आणि चटईचे आडवे दोन पट्टे केले. आधी कुठला पट्टा दाबला गेला त्यावरून माणूस आत आला की बाहेर गेला ते कळायला लागलं. मग प्रत्येक पट्ट्याचे छोटे छोटे तुकडे केले, म्हणजे शेजारी-शेजारी चालणारे वेगळे मोजले गेले. ट्रॉलीचं मात्र जमलं नाही, चाकाचा दाब पावलापेक्षा जास्त वेळ टिकतो का बघू म्हणत होते तेवढ्यात उजाडलं.

मी त्यांना एक हिशोब घातला. आत आलेल्यांतून बाहेर गेलेले वजा केले की आत किती ते कळतं, बरोबर, पण 5 लाख माणसं आत आली आणि बाहेर जाताना शंभरात एक जरी निसटला तरी शेवटी तुमच्या स्क्रीनवर 5 हजार माणसं उरतात, आणि घाट तर रिकामा असतो. चूक मिटत नाही, दिवसभर साठत जाते. उपाय काय? दर थोड्या वेळाने कॅमेऱ्याने किंवा चक्क डोळ्याने मोजून आकडा सरळ करून घ्यायचा. पोरं हिरमुसली, पण वहीत लिहून घेतलं.

2017 पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन होतंय, सहा जणांची टीम, निदान एक मुलगी हवीच, सॉफ्टवेअरवाल्यांना सलग 36 तास. चांगलंच आहे. पण 36 तासांत चटई चालते, गर्दी कळत नाही. कुंभथॉनचे कॅम्प परत परत झाले, ते ज्या गावासाठी होते त्याच गावात झाले आणि माझ्या मते फरक तिथेच पडला.

आमच्या पोरांना बक्षीस मिळालं नाही. सोमवारी सकाळी त्यातले चौघं चटई गुंडाळून बसस्टँडवर गेले, परवानगी काढून गेटजवळ तासभर टाकून बसले, एक जण बाजूला उभा राहून हाताने मोजत होता. चटई म्हणाली 412, वहीत 388. डोक्यावर बोचकं घेतलेल्या बाया थबकून थबकून चालतात, त्या दोनदा मोजल्या जात होत्या.