वितळलेल्या अॅल्युमिनियमवरची साय

जळगावच्या सराफ बाजारात मुशीत सोनं आटताना मी लहानपणी कितीतरी वेळ पाहत उभा राहिलो आहे. वितळलेलं सोनं आरशासारखं लखलखतं. पुढे भंगारातली अॅल्युमिनियमची भगुनी आणि खिडक्यांच्या चौकटी वितळवणारी एक भट्टी पाहिली, तर धातूवर करडी साय धरलेली. झाऱ्याने ती बाजूला केली की खालचा धातू क्षणभर चमकायचा, की लगेच नवी साय.

‘अॅल्युमिनियमला गंज चढत नाही’ असं आपण सर्रास म्हणतो. चढतो, आणि हवा लागताच चढतो. पण काही नॅनोमीटर जाडीचा तो ऑक्साइडचा, म्हणजे धातू आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचा, थर इतका घट्ट बसतो की खालच्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोहोचतच नाही.

मिश्रधातूत मॅग्नेशियम आलं की हे चिलखत फाटतं. का, ते पिलिंग आणि बेडवर्थ या संशोधकांनी १९२३ मध्ये मांडलेल्या एका गुणोत्तरातून कळतं. जेवढा धातू खर्ची पडला, त्याच्या किती पट जागा त्याचा ऑक्साइड व्यापतो? अॅल्युमिनियमसाठी उत्तर १.२८, म्हणजे थर पृष्ठभाग झाकून वर थोडा दाटतो. मॅग्नेशियमसाठी जेमतेम ०.८. थर अपुरा पडतो आणि ताणून तडकतो, वैशाखात तापीकाठची काळी जमीन भेगाळते तसा. भेगांतून ऑक्सिजन आत शिरतो, मॅग्नेशियम वर येत राहतं आणि साय जाड होत जाते.

आता यात ‘दुर्मिळ मृदा’ कुळातलं सिरियम किंवा यिट्रियम टाका, टक्क्याच्या काही दशांश भागाइतकंच. अॅल्युमिनियमच्या अणूची त्रिज्या १४३ पिकोमीटर, सिरियमची सुमारे १८२. एवढा थोराड अणू अॅल्युमिनियमच्या अणूंच्या जाळीत मावत नाही. तो पृष्ठभागाकडे आणि धातू ज्या स्फटिक-कणांचा बनलेला असतो त्यांच्या सीमांकडे ढकलला जातो. ऑक्सिजनची ओढ त्याला अॅल्युमिनियमपेक्षाही जास्त, आणि त्याच्या ऑक्साइडचं गुणोत्तर एकच्या वर. म्हणून तो नेमका भेगांच्या जागी ऑक्साइड होऊन त्या बुजवतो. मला या विषयात सर्वांत आवडते ती हीच गोष्ट: थर टिकतो तो ऑक्सिजन अडवून नव्हे, तर योग्य आकारमानाचा ऑक्साइड योग्य जागी बनवून. पूर्वी हे काम चिमूटभर बेरिलियमकडून करून घेत; पण त्याची धूळ आणि वाफ फुप्फुसांना घातक.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधनं आणली. स्कँडियम आणि यिट्रियम त्यांतलीच. सिरियम त्या यादीत नाही, आणि भूकवचात ते जवळजवळ तांब्याइतकं आहे, तेव्हा ‘दुर्मिळ’ हे नाव फसवं.   

स्कँडियम अॅल्युमिनियममध्ये निराळंच काम करतं. त्याचे अॅल्युमिनियमबरोबर बनणारे अतिसूक्ष्म कण मूळ जाळीशी जवळजवळ तंतोतंत जुळतात, त्यामुळे धातूची स्फटिक-कणरचना बारीक राहते आणि ताकद वाढते. सिरियम आणि त्याच कुळातलं लँथॅनम अॅल्युमिनियमच्या विजेच्या तारांच्याही कामी येतात: धातूत विरघळलेलं लोह आणि सिलिकॉन ते स्वतःशी संयुगांत बांधून अणूंच्या जाळीबाहेर काढतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी होते. मात्र प्रमाण ओलांडलं की याच संयुगांच्या जाड, ठिसूळ सुया तयार होतात, आणि ताण पडला की तार तिथूनच तुटते.